डॉक्टरांनी आणलेलं लुगडं

"कान ठणठणीत आहेत तुमचे. थकलंय ते मागचं सगळं," असं म्हणून डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं : नर्व्हस एक्झॉशन. म्हणजे मज्जातंतूंना आलेला शीण. मला हसूच आलं. शीण मजुराला येतो; मी तर मालक. गादीवर बसणाऱ्याला कसला शीण?

साखर पेठेत माझा हातमागांचा कारखाना आहे. लुगडी विणतो. प्रत्येक लुगडं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि त्याचा मला भारी अभिमान. त्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरलो तर मागांवर सुताचे धोटे इकडून तिकडे पळताहेत, माणसं पाय मारताहेत आणि आवाज मात्र काहीच नाही! मी ओरडलो, "माग का बंद केले?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. दुपारी ऐकू येऊ लागलं. पण घरी अंथरुणावर पडलो, की बंद मागांची खटखट कानात सुरू.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे चिमट्यासारखं घुमणारं एक लोखंड, कानाशी धरून पाहिलं. ते स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "पुरती झोप शेवटची कधी लागली होती?" मला आठवेना.

"या वेळी कान गेले आणि परत आले," ते म्हणाले. "असंच रेटलंत, तर पुढच्या वेळी काय जाईल आणि ते परत येईल की नाही, मी सांगू शकत नाही."

घाबरून मी इस्पितळात राहिलो. उपचाराचं नाव रेस्ट क्युअर. म्हणजे नुसतं पडून राहायचं, दूध प्यायचं, वर्तमानपत्र नाही, धंद्याचा शब्द नाही. दिवाळीचा माल मागावर होता. मी नसलो तर कारखाना बसणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून आमचा मुकादम नरसप्पा याला मी गुपचूप कामाला लावलं. घरून येणाऱ्या डब्याच्या फडक्याखाली रोज एक नवं लुगडं घडी करून यायचं. पांघरुणाखाली मी त्याचे काठ चाचपायचो आणि दोष सांगून पाठवायचो. तब्येत काही सुधारेना. एकदा डॉक्टरांनी पांघरूण उचललं आणि चोरी पकडली गेली.

वाटलं, आता हजेरी घेणार. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच एक लुगडं घेऊन आले. "बघा जरा," म्हणाले आणि माझी पल्स, म्हणजे नाडी, धरून बसले. मी पदर उलगडला. काठ वाकडा, वीण विरळ! कुणी विणलं हे? नरसप्पा झोपला होता काय? मला घाम फुटला.

"नाडी बघा कशी उधळलीय," डॉक्टर म्हणाले. "आणि हे तुमचं नाहीच. बाजारातून आमच्या घरी आलंय. दुसऱ्या कुणाच्या मागावरचं आहे."

मी इतका हसलो, की नर्सबाई धावत आल्या. मग मात्र विचारात पडलो. काम मला दमवतं, अशी माझी समजूत. इथं तर माझं काम नव्हतंच! मग दमवत होतं काय? आजाराची भीती जाऊन मला त्याचं नवलच वाटू लागलं. नाडी कशी बघायची, ते मी डॉक्टरांकडून शिकून घेतलं. नरसप्पाला लुगडी पाठवणं बंद करायला सांगितलं.

धंद्याचं बोलायची मुभा मिळाल्यावर नरसप्पा आला. चोरट्यासारखा उभा राहून म्हणाला, "मालक, करकंबच्या व्यापाऱ्याचा माल परत आला. काठाचा रंग चुकला आमचा. दुसरा इणून दिला, घेतला की त्यानं. तुमी इचार नका करू."

मी मनगटावर बोट ठेवून होतो. नाडी जराशी दचकली आणि पुन्हा चालीवर आली. मला कोण आनंद झाला!

माझ्यासारख्या कारखानदारांना, व्यापाऱ्यांना सांगतो. उठल्यावरही शीण जात नसेल, जेवण गोड लागत नसेल, माणसांवर उगाच खेकसत असाल, तर कान जाण्याची वाट बघू नका. चार निर्णय दुसऱ्याला घेऊ द्या. तो चुकेलही. चुकू द्या.

बरा होऊन घरी आलो. एका संध्याकाळी मोठ्या हौसेनं बायकोला नाडीची गंमत दाखवायला बसलो. तिचा हात धरला आणि थबकलो. पुन्हा मोजली. इस्पितळात गेलो तेव्हा माझी पळत होती, त्याहून तिची जोरात पळत होती. मी पडून होतो तेव्हा धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरून घेणं, मजुरी वाटणं, पोरं, माझी आई आणि इस्पितळातलं माझं दूध, सगळं तिनंच ओढलं होतं.

"तुला बरं वाटतंय ना गं?"

"मला काय झालंय? धडधाकट हाय की मी. सोडा हात, सैपाक पडलाय."

डॉक्टरांना मीही अगदी असंच सांगितलं होतं. मी तिला हाताला धरून अंथरुणावर निजवलं आणि चुलीपाशी जाऊन बसलो. घरभर धूर झाला. "फुंकणी डाव्या अंगाला हाय," ती आतून ओरडली. ती उठून येईल या धास्तीनं मी जीव खाऊन फुंकत राहिलो. चूल पेटायला बराच वेळ लागला. डोळे पुसत आत डोकावलो, तर ती झोपली होती.