मनकर्णाबाईचा सात नंबरचा प्लॉट

"मी येनार न्हाई. तुझा पुतन्या हाय, तू जा."

"आन् तुझा भाचा न्हाई का त्यो?"

"हाय. म्हनूनच न्हाई येत. ह्या वयात भाच्याच्या दारात मागायला जाऊ व्हय?"

"मागायचं काय त्यात, मने? एक सही तर हाय."

"सहीपरीस मोठं मागनं कंचं असतं, दादा? तवाच लिवलं असतंस तर..."

"तवा, तवा. सदतीस वर्षं झाली, तुझं तवा काय संपंना."

आप्पासाहेब अजून एम-ऐंशीवरून उतरले नव्हते. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर, टोपी हातात. वय चौऱ्याहत्तर. समोर उंबऱ्यात त्यांची धाकटी बहीण मनकर्णा सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. तिचं वय सदुसष्ट. सोनईतली ही भाड्याची खोली. शेजारची घरमालकीण मघापासून एकच चादर तिसऱ्यांदा झटकत होती, तिला सगळं ऐकायचं होतं.

आज शनिवार. सोमवारी अपिलाची शेवटची तारीख. त्या दिवशी पुतण्या प्रवीणच्या सहीचं संमतीपत्र हजर केलं नाही तर आप्पासाहेबांच्या रानात प्लॉट पाडायच्या ले-आउटचा विषय संपला, आणि त्याबरोबर सात नंबरचा प्लॉटही.

मनकर्णाला सतराव्या वर्षी खर्ड्याला दिली होती. नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी दोन वर्षं ठेवून घेतलं आणि मग एका सकाळी दिराने तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवून दिली. "वैनी, माहेरी बरं वाटंल तुमाला," एवढंच म्हणाला. काही वर्षं माहेरी काढली आणि मग ती दुसऱ्यांच्या खोल्यांतून राहत आली. देवळाली प्रवरेला मुलींच्या एका बोर्डिंगात सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. राहायला भटारखान्यामागची खोली. बोर्डिंग बंद पडलं तशी सोनईला आली आणि डबे करून देऊ लागली. भिंतीत खिळा म्हणून तिने कधी ठोकला नाही. खिडकीच्या गजाला दोरी बांधायची आणि कपडे, पिशवी, आरसा, सगळं त्या दोरीवर. बोर्डिंगातल्या मुली हसायच्या. ती म्हणायची, "भिंत ज्याची, खिळा त्याचा."

जिच्यावरून आज भांडण चाललं होतं ती वाटणी झाली तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि माहेरीच होती. दोन भाऊ, आप्पासाहेब आणि श्रीमंत. जमीन एकच पट्टी, डांबरी रस्त्यापासून आत लांब गेलेली. मागच्या अंगाला विहीर. पंच बांधावर बसले. थोरल्याचा मान म्हणून आधी निवड आप्पासाहेबांची. त्यांनी विहिरीकडची बाजू घेतली. श्रीमंतला पुढची, कोरडी, नुसतीच रस्त्याला लागलेली. सगळ्यांना वाटलं, थोरल्याने चांगलं साधलं.

मनकर्णा चहाची किटली घेऊन आली होती. कप भरता भरता म्हणाली, "दादाच्या गाडीला वाट लागंल की श्रीमंताच्या रानातनं. ती बी लिवून टाका."

आप्पासाहेब हसले होते. "सख्ख्या भावाकडं वाट कागदावर मागू व्हय? उद्या भांडायचं हे आजच ठरवायचं?"

पंचही हसले. कोणी भाऊबंद असं लिहीत नसे. लिहिणं म्हणजे अविश्वास. त्याऐवजी श्रीमंतने खंडोबाचा बेलभंडारा उचलला : दादाच्या गाडीला वाट कायम राहील. भंडारा कपाळाला लागला, कागदावर काही लागलं नाही. त्याच दुपारी, त्याच दस्तलेखकासमोर मनकर्णाने हक्कसोडपत्रावर सही केली. तिला एक साडी मिळाली आणि आप्पासाहेब म्हणाले, "तुझी जागा माझ्याकडं हाय, मने. लिवायची गरज न्हाई."

तेही लिहिलं गेलं नाही.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हे. विहीर आटली, मागची जमीन चुनखडीची, वाल्मिक, म्हणजे त्यांचा मुलगा, चाकणला कामाला लागला. तेव्हा बापलेकांनी ठरवलं, बारा प्लॉट पाडायचे. नकाशा करून आणला आणि आप्पासाहेब तो घेऊन थेट या खोलीवर आले.

"ह्यो सात नंबर तुझा. एक गुंठा. तुझ्या नावाचं खरेदीखत."

"नुसता गुंठा लिवून दे की. नकाशे कशाला?"

"तुकड्याची नोंद व्हत न्हाई, मने. ले-आउट मंजूर पायजे. मंजूर झाला की तू मालकीण."

त्या वर्षी दर रविवारी मनकर्णा रानात जायची. सोबत दोरी आणि चार खुंट्या. साडेनऊ मीटर बाय साडेदहा मीटर. मधे चुन्याने रेघा ओढायची. इथं दार, इथं ओटा, इथं मोरी. एकदा शेजारच्या रानातली बाई बांधावर उभी राहून म्हणाली, "मावशी, झोपायचं कुठं?" मनकर्णाने वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "पंख्याखाली." मग दोघी खूप हसल्या होत्या.

नगर रचना कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा वाल्मिकने ते फोनवर वाचून दाखवलं. प्रस्तावित जागेस नऊ मीटर रुंदीचा अधिकृत पोहोच रस्ता उपलब्ध नसल्याने अभिन्यास (ले-आउट) नाकारण्यात येत आहे.

"पोहोच रस्ता म्हंजे?"

"आत जायचा रस्ता, आत्या. प्रवीणच्या रानातून."

"हाय की मग."

"कागदावर नाही."

अपील केलं. नगरमध्ये अश्विनी नावाची तरुण वकील मिळाली, स्पष्ट बोलणारी. सुनावणी ऑनलाइन होती. तिच्या ऑफिसात तिघं एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसले. मनकर्णा नेसून आली होती ती बाहेर जायची नऊवारी. पडद्यावर आधी कोणाचं तरी छत दिसलं, मग साहेब.

"रस्त्याची नोंद?" साहेबांनी विचारलं.

"जुनी वहिवाट आहे, सर. सदतीस वर्षांची," अश्विनी म्हणाली.

"किती मीटर?"

अश्विनीने आप्पासाहेबांकडे पाहिलं.

"गाडी जाती, साहेब," आप्पासाहेब म्हणाले. "बारा फूट हाय."

"नऊ मीटर म्हणजे तीस फूट होतात, आजोबा. पुढच्या खातेदाराचं नोंदणीकृत संमतीपत्र आणा. एकवीस दिवस देतो. नाहीतर अपील फेटाळावं लागेल. पुढचं प्रकरण."

पडदा काळा झाला. मनकर्णा तशीच त्याच्याकडे पाहत बसली. "झालं?"

"झालं," अश्विनी म्हणाली. "मावशी, खरं सांगू का? कायद्यात आता काही उरलं नाही. जे आहे ते तुमच्या भाच्याच्या हातात."

श्रीमंतला जाऊन चार वर्षं झाली होती. ती एकवीस दिवसांची मुदत आप्पासाहेबांनी आज जाऊ, उद्या जाऊ करत एकोणिसाव्या दिवसापर्यंत आणली होती. ज्याच्या बापाकडे वाट लिहून मागायला लाज वाटली, त्या पोराकडे आता काय तोंडाने जायचं? म्हणून आज ते बहिणीला न्यायला आले होते.

मनकर्णाने सूप बाजूला ठेवलं. पदर नीट केला.

"चल. पन बोलायचं तू."

"बोलतो की."

बोलले नाहीत. प्रवीणच्या अंगणात खुर्चीवर बसल्यावर आप्पासाहेब पाऊस, ऊस, कारखाना, सगळं बोलले. प्रवीणची रोपांची नर्सरी होती. वाटेच्या कडेनेच हिरवं शेडनेट, आत मिरचीची आणि टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये. त्याची बायको भारती पाणी घेऊन आली. शेवटी मनकर्णाच म्हणाली, "परवीन, कशाला आलोय ते तुला ठावं हाय."

"ठावं हाय, आत्या."

"तुझ्या बापानं बेलभंडारा उचलला हुता."

"मी कुठं न्हाई म्हनतो. आप्पांची गाडी अडवली का कधी? ट्रॅक्टर अडवला? आज बी जाऊ द्या. पन बेलभंडारा बैलगाडीचा झाला हुता, आत्या. नऊ मीटरचा न्हाई."

आप्पासाहेब खाली बघून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागले.

"अजून अठरा फूट," प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "उठा, दावतो. इथून तिथपर्यंत. माझं आख्खं शेडनेट जातंय. बोरचा पाइप जातोय. मग मी काय करू? आप्पांच्या प्लॉटवर वॉचमन व्हऊ?"

"मोबदला देऊ की आमी," आप्पासाहेब म्हणाले.

"आप्पा, तवा इहीर तुमी घेतली. माझ्या बापाला ही रस्त्याची कोरडी बाजू आली. त्यानं कधी तोंड उघडलं न्हाई. आता इहीर आटली आन् रस्त्याला भाव आला, तर रस्ता बी तुमालाच?"

भारतीने चहा आणून ठेवला. मनकर्णाने कप उचलला नाही.

"दादाचं सोड," ती म्हणाली. "अकरा प्लॉटाचं सोड. मी माझं मागतीय. एक गुंठा. मेल्यावर तरी कुनी म्हनावं, हे मनकर्णाचं घर हुतं."

प्रवीण खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसला. लहानपणी तिच्या बोर्डिंगात सुट्टीला जायचा तेव्हा बसायचा, तसा.

"आत्या, तुमच्या एका गुंठ्यासाठी मी सही करीन वो. पन त्या सहीवर बाराचे बारा प्लॉट उभे ऱ्हात्यात. एकट्या तुमच्यासाठी सही कशी करू, सांगा. असा कागदच न्हाई."

मनकर्णाने अश्विनीला हेच विचारलं होतं. तिनेही हेच सांगितलं होतं.

"ऐका माझं," प्रवीण पुढे म्हणाला. "ती शेडनेटमागची खोली बघा. पत्र्याची हाय, पन फरशी हाय, पंखा हाय, बाथरूम हाय. कामाची बाई ऱ्हायची, ती गेली. भाडं न्हाई, काय न्हाई. मरेपर्यंत ऱ्हावा. भारती, खरं का न्हाई?"

"व्हय की, आत्या. आमाला बी आधार," भारती म्हणाली.

आप्पासाहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "मने, वाईट काय न्हाई त्यात. आपलंच पोरगं हाय."

मनकर्णाने खोलीकडे पाहिलं. दाराला निळा रंग, बाहेर खताची रिकामी पोती रचलेली, कडीला कुलूप.

"उद्याच खाली करून, पुसून ठेवतो," प्रवीण म्हणाला. "सांगा, कधी येताय ऱ्हायला?"

ती उठली. चपला शोधल्या, पायात घातल्या.

"आत्या?"

बारा फुटांच्या वाटेवरून, शेडनेटच्या कडेकडेने, ती डांबरी रस्त्याकडे चालू लागली.