दहाव्याचं भाषण

राजुरीत दहावा म्हटला की भाषणं आलीच. घाटावर विधी चालतो आणि इकडे मंडपात एकेक पुढारी माइक धरून मयताला देवमाणूस ठरवून टाकतो. दादाभाऊ मास्तरांना या भाषणांचा भारी तिटकारा. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी तालुक्यातल्या मोठ्या माणसांची खरी चरित्रं लिहायला घेतली, आणि नसता रोष ओढवून घेतला.

तिसरं चरित्र गेणभाऊंचं. गावात दूध डेअरी आणणारा माणूस. डेअरीचं कौतुक मास्तरांनी केलंच, पण पुढच्याच प्रकरणात लिहिलं, की तरुणपणी रस्त्याच्या कामावर असताना गेणभाऊंनी वर डोंगरातल्या आहुपे गावच्या बायडाबाईशी लग्न केलं आणि काम संपल्यावर तिला तिथंच टाकलं. गाव पेटलं. पुस्तकं डेअरीसमोर जाळली, मास्तरांशी बोलणं टाकलं. मास्तर मात्र ताठ. "खोटं असेल तर दाखवा," एवढंच म्हणायचे.

या वैशाखात त्यांची आई ठकूबाई गेली. दहाव्याला माणसं आली, कारण निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. पण माइक कुणी धरेना. आयुष्यभर ज्या भाषणांना हसलो, त्यातलं एखादं तरी आईच्या वाट्याला यावं म्हणून मास्तरांचा जीव तुटत होता.

तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी उठली. "मी आहुप्याची बायडाबाई," म्हणाली. मंडपातल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

"ह्या मास्तरानं माझं छापलं. खरंच व्हतं. पर लोकं इसरली व्हती, ती पुन्यांदा इचाराया लागली. मी दार लावून बसले. तवा ही ठकूबाई एष्टीनं वर आली, लुगडं घिऊन. म्हनली, पोरगं माझं खोटं लिवत न्हाई, पर तुला इचारलं न्हाई, त्ये चुकलं. मंग दर साली यायची. लई गुणाची बाई."

दरसाल आई डिंभ्याला माहेरी जाते, असंच मास्तरांना वाटायचं. साऱ्या तालुक्याची चौकशी करणाऱ्या माणसानं घरात कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी ते बायडाबाईंना एष्टीवर सोडायला गेले.

"आईचं चरित्र लिहावं म्हणतो. त्यात तुमचं येईल. लिहू का?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच केला नव्हता. बायडाबाई गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या.

"नगं लिवू," म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली.