माहेरची गुलाबी गाठी

चहा घ्या आधी. साखर हवी तेवढी घाला, मी आता कुणाची साखर मोजत नाही. एकदा मोजली, भर बाजारात माझी शोभा झाली, ती जन्माला पुरली!

हसायचं नाही हं. इतकी वर्षं लोटली, तरी आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तेव्हा आम्ही रत्नागिरीत राहायचो. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला. घरात मी, सासूबाई आणि तीन पोरं. थोरला बाळू, मधली कुसुम, धाकटी चिमी. पोरं कसली, मुंगळे! गुळाचा डबा कुठे ठेवलाय ते मला आठवायचं नाही, त्यांना बरोबर आठवायचं.

आदल्या वर्षी पाडव्याला आलेल्या साखरेच्या गाठ्या त्यांनी दोन दिवसांत फस्त केल्या होत्या. मग झाले पोटात जंत. एरंडेल पाजताना तिघांनी मिळून असा गळा काढला, की शेजारीण धावत आली, कोण गेलं म्हणून! तेव्हाच ठरवलं, पुढच्या पाडव्याला हे चालायचं नाही. बघतेच मी.

पाडवा आला. गाठ्या आल्या दोन. एक मुंबईहून, माझ्या नणंदेनं धाडलेली. पांढरीफेक, चांगली थोर थोर पदकं दोऱ्यात ओवलेली. दुसरी माझ्या माहेरची. माझा गणूदादा जयगडचा, त्याचा मचवा होता. रत्नागिरीच्या बंदरात माल उतरवला की भाचरांना भेटल्याशिवाय जायचा नाही. त्यानं आमच्याच बाजारातून, दाजीशेट हलवायाकडून घेतलेली. गुलाबी! आणि वेलचीचा असा वास, की सगळं माजघर दरवळलं.

गुढी उतरल्यावर दोन्ही माळा खुंटीला टांगल्या आणि पोरांना ओळीनं समोर उभं केलं.

"दर सोमवारी जेवण झालं की एकेक पदक. मध्ये मागायचं नाही. रोज दिवेलागणीला मी मोजणार. एक जरी कमी भरलं, तरी तिघांना एरंडेल!"

"खाणारा एकच असला तर?" बाळूनं विचारलं. मोठा वकीलच की नाही मेला!

"घरात जो असेल त्याला एरंडेल. नियम म्हणजे नियम."

मी शाळेची पायरी चढले नाही, पण मोजणीत मला फसवून दाखवावं कुणी! बागेतले नारळ मी मोजायची, नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याची काय हिंमत एक इकडचा तिकडे करील? तशी रोज पदकं मोजायची. आणि काय सांगू, रोज बरोबर! एकसुद्धा कमी नाही. मला तर मूठभर मांस चढलं. विहिरीवर बायकांना सांगायला लागले, "पोरांना वळण लावावं लागतं बायांनो. नुसतं ओरडून काय होतंय?" पोरांना दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्यासुद्धा ओवाळून टाकल्या. मीच! माझ्याच हातानं!

आठवडा उलटला असेल नसेल, सासूबाई खुंटीपाशी थबकल्या. मान वर करून बघत राहिल्या.

"सूनबाई, तुझ्या भावाची गाठी सुकली काय गो?"

सुकायला ती काय सुरमई आहे? पण हे मनात. तोंडानं म्हटलं, "नाही हो, काहीतरीच!"

"काहीतरी कसं? ये, बघ. पाडव्याला रुपयाएवढी पदकं होती, आता पावली झालीत. आणि माझ्या लेकीची बघ, कशी ठणठणीत! मुंबईचा माल तो."

मी जवळ जाऊन बघितलं, तर खरंच की हो! मोजायला सगळी जागच्या जागी, पण झिजलेली. कडा गुळगुळीत, नक्षी गेलेली. जुनं नाणं जसं!

"भेसळ असणार," सासूबाई म्हणाल्या. "स्वस्तातली घेतली असेल हो. बहिणीच्या पोरांना द्यायची, कोण कशाला बघतोय?"

माझा दादा स्वस्तातला? खाऱ्या पाण्यात हाडं झिजवून कमावणारा माणूस, स्वतः फाटका सदरा घालील, पण भाचरांना हलकं देईल? माहेराला बोललेलं कुणाला सोसतं? तुम्हाला सोसेल?

आता पोरांची तोंडं त्या दिवसांत लाल दिसायची, हे खरं. पण रातांबे पिकायला लागले होते, म्हटलं कुणाच्या तरी बागेतले खात असतील. माझं सगळं लक्ष मोजणीकडे, तोंडं कोण बघतोय!

विचार करून करून मला एकच सुचलं. दादा चुकलेला नाही, दादाला फसवलाय. त्या दाजीशेटनं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही माळा फडक्यात बांधल्या आणि निघाले. "मी पण येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना तर माझ्या माहेरची फजिती भर बाजारात बघायला मिळणार होती, त्या कशाला मागे राहतात! पोरांनाही बरोबर घेतलं. गुळाच्या डब्याजवळ एकटं ठेवायची सोय होती का?

दाजीशेटच्या दुकानात देवळाचे गुरव नैवेद्याचे पेढे बांधून घेत होते. मी सरळ फळीवर गाठ्या आपटल्या.

"काय हो दाजीशेट, साखर म्हणून काय विकता? हवेनं झिजते तुमची गाठी! ही मुंबईची बघा आणि ही तुमची!"

दाजीशेटनं चष्मा पुसून गाठी बघितली. "वयनी, अख्खी रत्नागिरी माझी गाठी खाते. अशी झिजलेली मी जन्मात बघितली नाय."

"भेसळ आहे म्हणून झिजली!"

"भेसळ? माझ्या दुकानात?" ते तापले. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. माणसं थांबली की मला चेव येतो, हे माझं जुनं दुखणं.

"भेसळ नसली ना," मी ओरडले, "तर ह्या माझ्या तीन पोरांना तुमच्या दुकानातलं हवं ते, हवं तेवढं खाऊ घालीन! माझ्या पैशानं!"

पोरांचे डोळे असे झाले, बशीएवढे.

दाजीशेटनं एक पदक मोडलं, तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "शुद्ध साखर, वेलची. संपलं."

"तुमचीच जीभ, तुमचीच साखर!" म्हणत मी एक तुकडा खाल्ला. गुरवांच्या हातावर एक ठेवला. "तुम्ही देवाची माणसं, तुम्ही सांगा." त्यांनी चघळला. आणि सासूबाई! कुणाच्या पेल्यातलं पाणी जन्मात न प्यायलेल्या माझ्या सासूबाई! त्यांनीही हात पुढे केला. "आण इकडे. मला कळतं."

त्या चघळत राहिल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण जरा खारट लागतंय काय?"

"हो हो," गुरव म्हणाले, "किंचित खारट आहे खरं. आंबटही."

"मीठ!" मी असा आवाज लावला, की बंदरावरच्या खलाशांनी माना वळवल्या असतील. "साखरेत मीठ घालतो मेला! सापडलास दाजीशेट!"

आणि मग ती चिमी. एवढीशी टीचभर पोर! हातातोंडाशी आलेला खाऊ निघालाय हे तिला बरोबर कळलं. माझा पदर धरून नाचत किंचाळली,

"मीठ नाय गो आई! साखरच आहे, खरी साखर! आम्ही रोज चाटतो ना! निघताना बाळूदादानं चाटली, तेव्हा त्यानं कैरी-मीठ खाल्लं होतं!"

मग गुरवांनी जे थू थू सुरू केलं! सासूबाईंनी तोंडाला पदर लावून दुकानामागची विहीर गाठली. दाजीशेट पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांना आठवलं, की पहिला तुकडा त्यांनीच खाल्ला होता. मग तेही विहिरीकडे!

मी बाळूचा कान धरला. "चाटत होतास?"

"पण आई, एकही पदक कमी केलं नाय आम्ही," तो म्हणाला. "भाताच्या पोत्यावर चढून, नीट सगळ्यांवरून जीभ फिरवायची. म्हणजे सारखी झिजतात."

सारखी झिजतात! एवढी अक्कल पाढ्यांना लावली असती तर!

दाजीशेट मिशा पुसत परत आले. "वयनी, साखर खरी निघाली. पोरांना काय काय देऊ?"

आता मला सांगा, हा काय न्याय झाला? पोरांनी कमी गोड खावं म्हणून माझा सगळा खटाटोप, आणि बांगड्या भरायला पदराच्या गाठीला ठेवलेले पैसे सोडून मीच त्यांना पेढे, बत्तासे, खाजं चारतेय, आणि अख्खा बाजार बघतोय!

परतताना दाराशी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय रे बाळू, माझ्या लेकीची गाठी नाय ती चाटलीत?"

"ती गोड नाय लागत," बाळू म्हणाला. "मामाची भारी."

त्या एका वाक्यासाठी मी त्याचा मार माफ केला. माझा दादा स्वस्तातला काय!

पण सासूबाई विसरणाऱ्यातल्या नव्हेत. पुढच्या पाडव्याला दादानं पुन्हा तशीच गुलाबी गाठी आणली, तशी त्यांनीच ताब्यात घेतली. "हिला मोजता येतं, बघता येत नाय," असं मला ऐकवून! रोज दिवेलागणीला पोरांना ओळीत उभं करायच्या. जिभा बाहेर! बाळूची स्वच्छ, कुसुमची स्वच्छ, चिमीची स्वच्छ.

तरी गाठी आपली झिजतेय.

एक दिवस तिघांच्या जिभा बघून झाल्या आणि सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, काढ."

"मी?" असा संताप आला मला! "सासूबाई, मी तीन पोरांची आई आहे!"

"काढ म्हणते ना."

काढली. काय करणार?

"आईची गुलाबी!" चिमीनं टाळ्या पिटल्या.

आणि बाळू धावत आत गेला, एरंडेल आणायला. नियम माझाच होता ना!