अण्णांच्या मापाची सीट

गणिताच्या मास्तरालाच फूटपट्टी वाचता येऊ नये, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी तेव्हा शाळेत आठवी-नववीला गणित शिकवत होतो. प्रमाण चुकलं की पोरांना बाकावर उभं करायचो. आणि घरी आमच्या अंगणात, भर उजेडात, माप घेऊन मी माझ्या गाडीचा डॅशबोर्ड तीन सूत आखूड कापून आणला होता. चांगली सागवानी फळी. गाडीत बसवून बघितली तर एका बाजूला करंगळी आत जाईल एवढी फट.

झालं होतं असं, की गाडीतलं माप घेताना मी अण्णांच्या हत्यारांच्या पेटीतली लोखंडी पट्टी घेतली आणि सुताराकडं गेल्यावर फळी त्याच्या टेपनं कापून घेतली. आकडा तोच. फळी मात्र कमी.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरच्या फौंड्रीत पॅटर्न करण्यात त्यांची हयात गेली. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पण बीड निवताना आकसतं. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. मी तिनं मापलं आणि खऱ्या फुटानं कापलं. तीन फुटांत तीन सूत गेले.

अण्णा व्हरांड्यात बसून हे सगळं बघत होते. सहसा न हसणारा माणूस, पण त्या दिवशी खोकला येईपर्यंत हसला.

"आमच्या पट्टीनं मापलंस व्हय? अरं लेका, ती तापल्या बिडासाठी हाय, तुझ्या फळकुटासाठी न्हाय. आन् तू पोरास्नी गणित शिकवतोस?"

मग उठून त्यांनी ती फळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी करून देतो."

त्या गाडीला अण्णांचा हात लागला तो असा, माझ्या मूर्खपणामुळं.

गाडीचंही सांगायला पाहिजे. विलायती, दोन माणसांची, छप्पर कापडाचं, रंग एकेकाळी लाल. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला ती एका गुळाच्या वखारीत सापडली. वखारीच्या मालकाच्या वडिलांनी कधीतरी हौसेनं घेतलेली आणि मग विसरलेली. तिच्यावर ढेपांची पोती रचलेली होती. ऊन तापलं की सीटमधनं गुळाचा वास यायचा आणि वासामागनं मुंगळे. मी ती ट्रॉलीवर घालून राजारामपुरीतल्या घरी आणली तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"सीट दोनच दिसत्यात," ती म्हणाली.

"स्पोर्ट्स कार आहे ती."

"घरात माणसं पाच. उरलेल्या तिघांनी काय मागनं पळत यायचं?"

आम्ही दोघं, दोन पोरं आणि अण्णा. आई आधीच गेली होती. प्रश्न बरोबर होता. मी ट्रॉलीचे दोर सोडायला लागलो.

तिचे भाग कुठं मिळणार? मुंबईला मिळायचे म्हणे, पण ते विकणारा माणूस भेटेपर्यंत त्याचं दुकान बंद झालेलं असायचं. कोल्हापुरात मात्र एक सोय होती. भाग मिळत नसेल तर करायचा. वॉटर पंपाची बॉडी फुटलेली निघाली. तुकडे जुळवून अण्णांनी तिचा पॅटर्न केला. मी तो फौंड्रीत नेऊन पंप ओतून आणला, लेथवर फिरवून घेतला आणि बसवला. थेंब गळला नाही. मग आम्हाला चटकच लागली. वखारवाल्यांच्या वडिलांनी मूळचे दोन कार्बुरेटर काढून एक जीपचा बसवला होता. मला दोन पाहिजे होते. दोनच नाहीत, मूळ होते त्याहून मोठे दोन पाहिजे होते. त्यासाठी अण्णांनी ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बुरेटरपासनं इंजिनात हवा नेणारी नळी, ओतायला नमुना केला. त्याच्या आतल्या वळणांवर त्यांनी महिनाभर पॉलिश पेपर घासला. मी म्हटलं, "अण्णा, आतलं कोण बघणार आहे?" तर म्हणाले, "हवा जानार हाय न्हवं तितनं? तिला कळतंय."

दोन कार्बुरेटर एकसारखे लावणं ही नजरेची नाही, कानाची गोष्ट आहे. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी आणि फुसफुस ऐकायची. दोन्हीकडची सारखी आली की झालं. मला दोन्ही सारख्याच वाटायच्या, नेहमीच. अण्णा वाकून, कानात नळी धरून, डोळे मिटून उभे राहायचे आणि मी स्क्रू फिरवायचो. "उलीसा. आनि उलीसा. बास." आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच. त्याआधीच्या तीस वर्षांत तेवढंही नव्हतं.

पण ते गाडीत कधी बसले नाहीत. गुडघे मुडपत नव्हते, आणि त्या गाडीत बसायचं म्हणजे रस्त्यापासून वीतभर उंचीवर बूड टेकायचं. "ह्यात बसायचं का निजायचं?" असं म्हणून ते बाजूला व्हायचे. एक इच्छा मात्र बोलून दाखवत. त्यांची थोरली बहीण कबनूरला होती. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणायचो. तिच्या घरातच यंत्रमागाची शेड होती. जन्मभर त्या खडखडाटात राहून तिला कमी ऐकू यायचं. ती अण्णांना कायम टोचायची, की माझे माग चालतात तर कापड तरी दिसतं, तू लाकूड तासतोस ते जातं कुठं? खरंच होतं. पॅटर्न वाळूत जातो, ओतलेल्या पंपावर नाव कारखान्याचं येतं. "आक्काला ही गाडी दावायची एकदा," अण्णा म्हणायचे. "हितं बोट ठिवून सांगायचं, हे माजं, हे माजं आन् हेबी माजं."

मी म्हणायचो, "जाऊ की. एवढा रंग झाला की जाऊ." मग रंग झाला. मग छपराचं कापड. मग गिअरबॉक्स जरा गुरगुरतोय, तेवढा उघडला की. हौशी माणसाची गाडी कधीच पुरी होत नसते. त्याला ती पुरी व्हायला नकोच असते. अशी सहा-सात वर्षं गेली. कबनूर आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे.

मग एका पावसाळ्यात अण्णांचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं आणि या वयात कापाकापी नको, असंही सांगितलं. घरी आल्यावर अण्णा व्हरांड्यात बसले. गाडीकडं बघत म्हणाले,

"आक्काकडं जाऊन येऊ या की. हिच्यातनं."

मी म्हटलं, "थांबा अण्णा. डावीकडची सीट तुमच्यासाठी उंच करतो. दार उघडलं की नुसतं मागं टेकायचं, गुडघे मुडपायचंच नाहीत."

त्यांना ते पटलं. काम होतं ना ते. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मापं घेतली. जमिनीपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कंबरेची रुंदी, पाठ, खांदे. ते मान ताठ करून फोटोला बसल्यासारखे बसले होते. बायको दारात गहू निवडत होती.

"कुटल्या पट्टीनं मापतोयस?" अण्णांनी विचारलं.

"साध्या."

"बग हां."

"बघितलंय अण्णा."

"काखंत हात घालू नगंस, गुदगुल्या हुत्यात."

आता माझं शहाणपण ऐका. सीटचा सांगाडा आठवड्यात वेल्ड होऊन आला. तो बसवून, वर उशी टाकून दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं. पण सांगाड्याची सरकपट्टी मूळच्यासारखी नव्हती. ती बदलली. मग राजारामपुरीतला सीटवाला म्हणाला, या तांबड्या रंगाचं रेक्झिन पुण्याहून मागवावं लागेल. मी म्हटलं, मागवा. ते आलं, तर शिवण उजव्या सीटच्या शिवणीशी जुळेना. उजवीवर आठ पट्ट्या, ह्यावर सात. मी उसवून पुन्हा शिवायला लावली. एका पट्टीसाठी पंधरा दिवस. शाळेत पोरांना मी शिकवत होतो, की उत्तर वेळेत काढलं तरच मार्क.

दसऱ्याला सीट बसली. पोरांनी गाडीच्या नाकाला झेंडूचं तोरण बांधलं. अण्णांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली. मी आणि बायकोनं त्यांना दोन्हीकडनं धरून गाडीपाशी आणलं. उंची अगदी बरोबर होती. गुडघे न मुडपता ते नुसते टेकले आणि आम्ही पाय आत घेतले. मला शाबासकी मिळायच्या आत माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना माझा पंजा जाईल एवढी जागा रिकामी होती. पाठीमागं खांद्यांच्या वरसुद्धा तांबडं रेक्झिन दिसत होतं. मोठ्या माणसाच्या खुर्चीत पोर बसवावं तसे ते दिसत होते.

अण्णांनी एक हात बाजूच्या फटीत घातला. वर-खाली करून बघितला. जन्मभर मापं बघितलेला हात तो.

"साध्या पट्टीनंच मापलंतास न्हवं?"

"व्हय अण्णा."

"मग बराबर हाय," ते म्हणाले. "मीच आकसलो."

बायको आत गेली आणि आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ घेऊन आली. तिनं ती अण्णांच्या पाठीमागनं घेऊन दोन्ही बाजूंना घड्या करून ठासली. आम्ही निघालो.

पहिल्याच वळणावर अण्णा माझ्या अंगावर कलले. वाकळ सरकली होती. मी डावा हात त्यांच्या छातीसमोर आडवा धरला. गिअरचा हातही तोच. त्यामुळं मी गाडी एकदा तिसऱ्यात टाकली आणि मग ती तिसऱ्यातच ठेवली. चढ असो, चौक असो, तिसरा. दसऱ्याची गर्दी होती, लोक हात करत होते. एक पाव्हणं ओरडले, "झ्याक हाय गाडी!" इंजिन मात्र हळू झालं की गचके देत होतं आणि मोकळा रस्ता आला की किंचाळत होतं.

"गेर बदल की," अण्णा म्हणाले. "इंजिन रडायलंय."

"रडू दे."

थोड्या वेळानं ते डोळे मिटून म्हणाले, "दोन्ही सारकं हाईत. कार्बुरेटर." मला अर्थातच कळलं नाही. मी व्हय म्हटलं.

हायवेवर पंचगंगेच्या पुलाअलीकडं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"फिरव."

"अण्णा, अर्धा तास फक्त. आक्का वाट बघत आसंल. कालच फोन केलाय."

"फिरव म्हंतोय न्हवं. गाडी दावायची हुती तिला. असला मी न्हवं."

मी गाडी फिरवली.

दिवाळीच्या आत अण्णा गेले. आक्काला तिच्या पोरांनी टेंपोत खुर्ची ठेवून आणलं. ती रडून झाल्यावर, माणसं पांगल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ती गाडी कुटं हाय?" मी तिला धरून अंगणात नेलं, बॉनेट उघडलं आणि दाखवायला लागलो. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ओरडून. सुतकाच्या घरात ऐंशीच्या पुढच्या म्हातारीला मी "इनलेट मॅनिफोल्ड!" म्हणून ओरडून सांगत होतो. शेजारचे खिडकीत आले. आक्कानं मॅनिफोल्डवरनं हात फिरवला, पंपावरनं फिरवला, मग डॅशबोर्डवरनं.

"वरडू नगंस," ती म्हणाली. "दिसलं मला." आणि पदरानं डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी सीट काढायला बसलो. मूळची बुटकी सीट माळ्यावर होती, ती परत बसवावी म्हटलं. ही नजरेसमोर नको होती. दोन बोल्ट निघाले, तिसरा निघेना. बायको आली, सीटमधली वाकळ काढून झटकली आणि घडी घालायला लागली.

"ह्या जुन्या सीटवरबी बसलं असतं की अण्णा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आषाढातच. आपण दोघांनी उचलून बसवलं असतं. कबनूरला जाऊन चहा पिऊन आला असतासा."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "मग तेव्हा का बोलली नाहीस?"

तिनं घडी पुरी केली, पोटाशी धरली.

"तुम्ही माप घेत होतासा त्यांचं. गुडघ्यापास्नं खांद्यापर्यंत हात लावून. लग्न करून आल्यापास्नं तुम्ही त्यांच्या अंगाला हात लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. म्हटलं, घेऊ दे."