फायनल बीमधला पहिला

मंजुनाथ होडीत उलटा बसतो आणि तरी पुढे जातो, हे समजावण्यात रूपश्रीची आठ वर्षं गेली होती. एकट्याची अरुंद होडी, दोन हातांत दोन वल्ही आणि शर्यतीची शेवटची रेघ पाठीमागे. थोरले दीर गुंडूराव दर वेळी म्हणायचे, "सरळ तोंड करून बसला असता तर कधीच पोचला असता." बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, खरेदी खात्यात, दिवसभर पुरवठादारांना गप्प करणारी ही बी.कॉम. बाई घरात मात्र हात टेकायची. पहाटे साडेचारला मुलाला स्कूटरवरून तळ्यावर सोडायचं, मग डबे, मग कंपनीची बस. आणि एवढं करून, तो उलटा का बसतो याचं उत्तरही तिनंच द्यायचं.

त्यात मंजू आशियाई स्पर्धेला गेला. पहिल्या फेरीत चौथा आला, तर गुंडूराव सांत्वनाला घरी हजर. तो बाहेर पडलेला नाही, त्याला अजून एक संधी आहे, हे सांगेपर्यंत तिचा चहा गार झाला. पुढे उपांत्य फेरीत तो मागे पडला. पहिल्या सहा जणांची अंतिम शर्यत 'ए', पदकं तिथेच. नंतरच्या सहांची 'बी'; तिथे नुसते नंबर लागतात. मंजू बीमध्ये उतरला आणि पहिला आला. म्हणजे एकूण सातवा.

त्याचा फोन आला तेव्हा ती सिल्क बोर्ड चौकातल्या वाहतूक कोंडीत, बसमध्ये होती. तो ठेवते न ठेवते तोच गुंडूरावांचा. ए, बी, सहा, सात हे पुन्हा सगळं सांगणं तिच्या जिवावर आलं.

"पहिला आला, भावजी," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

खोटं काहीच नव्हतं त्यात.

मंजू परतायच्या दिवशी ती अर्धी रजा टाकून घरी आली, तर गल्लीभर आडवा फ्लेक्स. 'सुवर्णपदक विजेता मंजुनाथ याचे हार्दिक अभिनंदन.' खाली गुंडूराव, त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि मंजूपेक्षा मोठा त्यांचा फोटो.

"भावजी, हे उतरवा. त्याला सोनं मिळालेलं नाही."

"पहिल्याला सोनं नाही तर काय पितळ देतात?"

तिनं सांगितलं. अगदी सावकाश सांगितलं.

"दोन-दोन शेवटच्या शर्यती?" गुंडूराव म्हणाले. "मग शेवटची कुठली?"

"आधी उतरवा. मंजू येईल आता."

"स्वल्प थांब गं. नगरसेवकांचा माणूस फोटो काढून जाऊ दे."

तिनं दुकानातलं स्टूल ओढलं आणि स्वतःच चढली. एक कोपरा सुटला, दुसऱ्याची गाठ सुटेना, आणि तेवढ्यात टॅक्सी आली. अर्धा लोंबणारा फ्लेक्स मंजूनं मान वाकडी करून वाचला.

"सुवर्ण कुणी सांगितलं?"

गुंडूरावांनी भावजयीकडे पाहिलं.

"मी," ती स्टुलावरून म्हणाली. "म्हणजे पहिला, एवढंच म्हणाले. पुढचं नाही सांगितलं. तुझ्या काकांना समजावून समजावून माझं डोकं उठतं रे."

"सातवा सांगायची लाज वाटली?"

"लाज कसली? कंटाळा आला होता."

"मला आनंद झाला होता, आई. म्हणून तर पहिला फोन तुला केला."

ती खाली उतरली, पायरीवर बसली आणि सर्जापूर रोडच्या नणंदेला फोन लावला. नणंदेनं तर अख्ख्या अपार्टमेंटमध्ये पेढे वाटले होते.

"वन्सं, सुवर्ण नाही. सातवा. हो, अख्ख्या आशियात सातवा. नाही हो, हरला नाही. ऐकून तरी घ्या. अंतिम शर्यती दोन असतात..."

गुंडूराव शेजारी येऊन बसले. "सरी, बरं तर," ते म्हणाले, "स्पीकरवर टाक. मीही ऐकतो परत."