बाबांनी भरून आणलेली बाटली
आमच्याकडच्या जऊळका स्टेशनात गाडी थांबली की कुणीतरी बाटली घेऊन नळाकडे धावतंच, आणि मला बाबा आठवतात. एकदा युरोपात फिरताना आम्ही बापलेक रात्रीच्या स्लीपर गाडीत होतो. संध्याकाळपासून बाबा मोठ्या आवाजात काहीबाही विचारत होते, डब्यातली माणसं वळून बघायची आणि मला लाज वाटायची. रात्री गाडी कुठल्याशा स्टेशनात बराच वेळ थांबली. खालच्या बर्थवरून बाबांनी मला हाक मारली, "बापू, बाटली खाली झाली. पानी भरून आनू काय?" मी जागा होतो. पण बोललो तर पुन्हा प्रश्न सुरू होतील, म्हणून डोळे मिटून पडून राहिलो. बाबा आपल्याकडच्या सवयीनं उतरले. तिथली दारं आपोआप लागतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? दार लागल्याचा आवाज आला तसा मी धावलो, दाराचं बटण दाबत सुटलो, काचेवर थापा मारल्या. बाहेर बाबा बनियन-पायजम्यावर उभे, जवळ ना फोन ना पासपोर्ट. ते काहीतरी सांगत होते, ऐकूच येत नव्हतं. मग त्यांनी भरलेली बाटली उंच करून मला दाखवली, आणि गाडी हलली. सकाळी मी उतरलो त्या स्टेशनात रेल्वेच्या माणसांनी त्यांना मागच्या गाडीनं आणून सोडलं. मी रडतच म्हणालो, "मले उठवाचं तरी, बाबा!" "आवाज देल्ला होता नं. तू गाढ झोपला होता, मंग काहून उठवू? तुले रातच्याले तहान लागते, म्हून गेलतो," म्हणत त्यांनी बाटली पुढे केली. अजून तशीच भरलेली होती. मी ते पाणी प्यालो. जागा होतो, हे मात्र बाबा असेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.