चौदा चिठ्ठ्या आणि कॅप्टनबाई

कॅप्टनबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. चोवीस वर्षं दर शनिवारी मी त्यांना शाळेचा हॉल उघडून दिला. बोलणं मात्र झाडू कुठे आहे आणि नळाला पाणी आलं का, एवढंच. मी शाळेचा शिपाई, त्या मुलींच्या गाइड पथकाच्या प्रमुख. आठवडाभर वीज कचेरीत कारकुनी करायच्या आणि शनिवारी गळ्यात शिट्टी अडकवली की जेलर व्हायच्या. घरी नवराही शिट्टी वाजल्यावरच जेवायला उठतो म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण माणूस सडपातळ होता.

मुलींना त्या गाठी मारायला, तंबू ठोकायला आणि मोठ्यांना तोंडावर खरं सांगायला शिकवायच्या. आपणही मोठ्यांतच मोडतो, हे बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नसावं. पहिल्याच वर्षी त्यांनी नियम केला, की वर्षातून एकदा मुलींनी चिठ्ठ्या टाकायच्या: प्रमुख म्हणून बाई हव्यात की नकोत. मोजायला मी. तेवीस वर्षं एकूण एक चिठ्ठी 'हव्यात'.

चोविसाव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डोंगरावरचं शिबिर त्यांनी तीनदा पुढे ढकललं. त्यांची सहायक त्यांच्याच पथकात वाढलेली, औषधाच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "बाई, मी नेते ना मुलींना."

"तू? लहान आहेस अजून."

ती चौतीस वर्षांची होती.

मग चिठ्ठ्यांचा शनिवार आला. मी एकेक उलगडत गेलो. नकोत. नकोत. हव्यात. नकोत. चार-पाच चिठ्ठ्या गिळून टाकाव्यात असं वाटलं, निदान खिशात तरी. हात तिकडे गेलाही.

"मामा, हात वर," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्यानं वाचा."

चौदा नकोत, सात हव्यात.

सगळ्यात धाकटी मुलगी रडवेली झाली. "बाई, तुम्हीच सांगितलंत, भीड धरायची नाही."

"सांगितलं गं. पण एवढं ऐकायचं असतं होय?"

हसावं की नाही, मुलींना कळेना. बाईंनी शिट्टी काढली, सहायकेच्या गळ्यात घातली आणि दोरी दोनदा सारखी केली. "हळू फुंकू नकोस. हळू फुंकली की माझा नवरासुद्धा ऐकत नाही."

पुढच्या शनिवारी पथक डोंगरावर गेलं. हॉलला कुलूप. बाई मात्र नेहमीच्या वेळेला आल्या आणि पायरीवर बसल्या. पुढच्याच आठवड्यात त्या लेकीकडे राहायला गेल्या, त्यामुळे आमची भेट ती शेवटचीच. 'वाईट वाटून घेऊ नका' असं काहीतरी मी चार दिवस घोकलं होतं. तोंडातून निघालं, "चहा आणू?"

"आणा. साखर दोन चमचे."

"गुडघ्यांना चालते साखर?"

"गुडघे कुठे पितात चहा? आणा लवकर."

"आणतो," मी म्हणालो.